कपाटातलं रेशीम

प्रश्न : ताई, मुंबईत नोकरी केलेल्या मावशीचे रेशमी स्कार्फ माझ्याकडे आलेत. एकावर ‘हर्मेस-पॅरिस’ असं छापलंय, पण लेबल नाही आणि काठ अगदी चपटा. खरा असेल का? आणि आमच्याकडच्या पावसात हे टिकवायचे कसे?
– एक वाचक, गुहागर

उत्तर : लेबल मानेला टोचतं, म्हणून पुष्कळ बायका ते उसवूनच टाकतात. त्यावरून काही ठरत नाही. काठ बघा. पॅरिसच्या हर्मेस कंपनीचे हे चौकोनी स्कार्फ १९३७ पासून निघतायत. नेहमीचं माप ९० बाय ९० सेंटिमीटर, कापड रेशमी ट्विल, म्हणजे तिरक्या विणीचं. काठ हाताने वळलेला असतो आणि ती वळकटी सुलट बाजूला येते. आपण काठ उलटीकडे दुमडतो, त्याच्या नेमकं विरुद्ध. टाके हाताचे, त्यामुळे तंतोतंत एकसारखे नसतात. मशीनची टीप दिसली तर विषय संपला. चपटेपणा मात्र बहुतेक इस्त्रीवाल्याचा प्रताप! यापुढे काठावर इस्त्री फिरवू देऊ नका.

धागा जाळून बघायला कोणीतरी सांगेलच. जळक्या केसांसारखा वास आला तर कापड रेशमी, एवढंच त्यातून कळतं, कंपनी नाही. मावशींच्या आठवणीला काडी कशाला लावायची?

आता पावसाचं. इथे वेंगुर्ल्यात काय नि गुहागरात काय, मृग लागला की बंद कपाटात बुरशी येणारच. प्लॅस्टिकच्या पिशव्या आजच काढा, आत दमटपणा कोंडतो. जुनी, धुऊन मऊ झालेली सुती साडी फाडून तिच्यात स्कार्फ गुंडाळा. वेखंडाचे तुकडे किंवा डांबरगोळ्या वेगळ्या पुरचुंडीत, रेशमाला न टेकता. श्रावणात उघडीप मिळाली की सावलीत वाऱ्यावर टाका. उन्हात नको, रंग उडतो आणि रेशीम पिवळं पडतं. परत ठेवताना घडी दुसऱ्या रेषेवर घाला, नाहीतर तिथेच चिरतं. बुरशी दिसलीच तर आधी पूर्ण वाळू द्या, मग अंगणात नेऊन मऊ ब्रशने झटका. ब्लीच अजिबात नको, रेशीम खातं ते. आणि ट्रंक माळ्यावर सुक्या बांगड्यांच्या डब्याशेजारी ठेवू नका. हसू नका, पाहिलेलं सांगतेय.

खरं सांगू? नेसत्या साडीला आणि वापरत्या स्कार्फला सहसा कसर लागत नाही. गणपतीत घडी मोडा. फक्त अत्तर आधी लावा, सुकू द्या, मग स्कार्फ.

प्रश्न : आजेसासूबाईंची शाल अंगठीतून आरपार जाते. शहातूश म्हणून विकली तर चांगले पैसे येतील असं जाऊबाई म्हणतात.
– एक वाचक, देवगड

उत्तर : जाऊबाईंना आवरा. उत्तम, पातळ पश्मिनाही अंगठीतून जाते, त्यामुळे ती परीक्षा कुचकामी. पश्मिना बकरीची, लोकर विंचरून काढतात, बकरी जिवंत राहते. शहातूश तिबेटी पठारावरच्या चिरू नावाच्या हरणासारख्या जनावराची, आणि त्यासाठी ते जनावर मारतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने चिरूला पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत घातलंय, शहातूश विकणं गुन्हा आहे. तेव्हा ‘शहातूश’ म्हणून जाहिरात टाकणं म्हणजे स्वतःवरच तक्रार लिहून देणं. आधी वन विभागाच्या कार्यालयात विचारा. शाल पश्मिना निघाली तर मला फोटो पाठवा, काठाच्या नक्षीचा जवळून काढलेला.