व्हिडिओनंतरची सकाळ

प्रिय,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. सहावीच्या गणितासाठी शाळेने ऑनलाइन कोर्स घेतलाय, तो वर्गाशी जोडून घ्यायचं काम तुझ्यावर आलंय, आणि कोणता घटक स्क्रीनवर, कोणता फळ्यावर याचा तक्ता तू सोबत पाठवला आहेस. तक्ता मन लावून केला आहेस, ते दिसतंच. पण त्यात मला हवा होता तो रकाना नाही. मुलांनी काल स्क्रीनवर जे केलं, त्यामुळे आज तुझा तास कसा बदलणार? तेवढं एक लिहायचं राहिलं आहे. ते लिहिता येत नसेल, तर घरचा कोर्स आणि वर्गातला तास शेजारी शेजारी चालू राहतील. मुलं दोन्हीकडे हजेरी लावतील, आणि एकाचा दुसऱ्याला काही उपयोग होणार नाही.

मी हे चुका करूनच शिकले. पहिल्यांदा मुलांना ‘व्हिडिओ बघून या’ म्हटलं, तेव्हा जेमतेम निम्मा वर्ग बघून आला होता. उरलेल्यांचं काय होणार, या काळजीने मी खडू हातात घेतला आणि तोच भाग पहिल्यापासून शिकवला. पुढच्या वेळीही तेच केलं. मागच्या बाकावर एक मुलगी होती. तिने व्हिडिओ थांबवून थांबवून वहीत टिपणं काढून आणली होती, दोन ठिकाणी प्रश्नचिन्हंही केली होती. ती वही उघडी ठेवून मी तेच सगळं पुन्हा सांगतेय ते ऐकत बसली. तिची प्रश्नचिन्हं मी पाहिलीच नाहीत. तिसऱ्या वेळी तिनेही व्हिडिओ बघितला नाही. घरी बघा, न बघा, बाई वर्गात सांगणारच आहेत, हे माझ्याच वागण्यातून तिला कळलं होतं.

म्हणून पहिली गोष्ट अगदी निक्षून सांगते. जे व्हिडिओत आहे ते वर्गात पुन्हा शिकवू नकोस. जी मुलं बघून आली नाहीत त्यांना वर्गातच एका कोपऱ्यात बसव, टॅब दे, तिथे बघू दे. बाकीच्यांनी तोवर कामाला लागायचं. ओरडायचं नाही, सगळ्यांसमोर कारण विचारायचं नाही. कारण नंतर, एकटं असताना विचार. पुष्कळदा ते आळशीपणाचं नसतं. घरात एकच फोन असतो आणि तो मुलाच्या हाती येईपर्यंत त्याचे डोळे मिटायला आलेले असतात. २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा जगभरात दीडशे कोटींहून अधिक विद्यार्थी घरी बसले, आणि कुणाच्या घरात काय आहे, काय नाही, हे एकदम उघडं पडलं. ते आपण विसरता कामा नये. ज्या वर्गात अगदी चार मुलांकडे जरी साधन नसेल, तिथे ऑनलाइन भाग शाळेच्या वेळातच बसवायचा. यात मी तडजोड करत नाही, तूही करू नकोस.

व्हिडिओ घरी आणि सराव वर्गात, या पद्धतीचं नाव तू ऐकलं असशीलच, फ्लिप्ड क्लासरूम. अमेरिकेत कोलोरॅडोतल्या एका शाळेत जोनाथन बर्गमन आणि ॲरन सॅम्स या रसायनशास्त्राच्या दोन शिक्षकांनी २००७ मध्ये आपले तास रेकॉर्ड करायला सुरुवात केली. खेळ आणि इतर कार्यक्रमांमुळे ज्यांचे तास बुडत होते, त्या मुलांसाठी. मग त्यांच्या ध्यानात आलं की मुलाला शिक्षक खरा हवा असतो तो उदाहरण सोडवताना अडल्यावर, आणि नेमकं तेव्हा ते घरी एकटं असतं. तिथून त्यांनी तासाचा क्रमच उलटा केला. इंटरनेट नसलेल्यांना ते डीव्हीडीवर धडे देत. मला त्या दोघांचं कौतुक वाटतं ते यासाठी की त्यांनी आधी वर्गातल्या वेळेचा विचार केला, रेकॉर्डिंगचा नंतर.

आता सांधा कसा जुळवायचा, ते सांगते. माझ्या मते त्याची सगळी मदार व्हिडिओच्या शेवटी विचारलेल्या एका प्रश्नावर आहे. दहा नाही, एकच, फार तर दोन.

दशांश अपूर्णांकांचं घे. व्हिडिओत स्थानिक किंमत छान समजावलेली असते, रंगीत चौकोन येतात-जातात, मुलं माना डोलावतात. त्याखाली मी एवढंच विचारायची: ०.४५ मोठे की ०.६? आणि का, ते एका वाक्यात लिहा. सकाळी शाळेत येण्याआधी मी उत्तरं चाळायची. एका वर्षी अर्ध्याहून जास्त मुलांनी ०.४५ लिहिलं होतं. कारण सगळ्यांचं एकच, ‘पंचेचाळीस सहापेक्षा मोठे.’ त्या दिवशी तासाला मी काहीच समजावलं नाही. फळ्यावर दोन्ही संख्या लिहिल्या आणि वेगवेगळी उत्तरं दिलेल्या मुलांच्या जोड्या लावल्या. एका जोडीत बराच वेळ वादावादी चालली. शेवटी मुलीने वहीत एक चौकोन काढला, त्याच्या दहा उभ्या पट्ट्या केल्या आणि सहा रंगवल्या. मग दुसरा चौकोन तसाच काढून मुलाच्या पुढे सरकवला, ‘आता तुझे पंचेचाळीस रंगव.’ त्याने चार पट्ट्या भरल्या आणि पाचवीवर पेन्सिल थांबली. जरा वेळाने म्हणाला, ‘अर्धीच येते.’ आणि स्वतःच उत्तर खोडलं. हे कुठल्याही व्हिडिओत घडलं नसतं. पण व्हिडिओ आणि त्याखालचा प्रश्न नसता, तर कुणाला कुणाशेजारी बसवायचं हे मला सकाळी कळलं नसतं.

जोड्या लावायची कल्पना माझी नव्हे. हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या एरिक माझूर यांनी १९९१ पासून भर व्याख्यानात ही रीत वापरली. प्रश्न द्यायचा, प्रत्येकाने आधी एकट्याने उत्तर ठरवायचं, मग शेजाऱ्याला पटवून द्यायचा प्रयत्न करायचा, आणि पुन्हा उत्तर द्यायचं. जवळपास सगळ्यांनाच आलं असेल तर पुढे जायचं, फारच थोड्यांना आलं असेल तर मात्र शिक्षकाने स्वतः समजावायचं. मधल्या अवस्थेत चर्चेला खरा रंग चढतो. शाळेतल्या मुलांना हे उलट जास्त जमतं, कारण चूक कबूल करायला ती मोठ्यांइतकी लाजत नाहीत. निदान सहावीपर्यंत तरी.

प्रश्न निवडताना मुलं हमखास जिथे चुकतात, तीच जागा धर. डेरेक मुलर यांनी सिडनी विद्यापीठात २००८ मध्ये पूर्ण केलेलं संशोधन मला फार मोलाचं वाटतं. विज्ञानाचे स्वच्छ, सोपे व्हिडिओ पाहिलेल्या विद्यार्थ्यांनी ते अगदी स्पष्ट होते असं सांगितलं, पण चाचणीतली त्यांची उत्तरं फारशी सुधारली नव्हती. जुनीच चुकीची समजूत त्यांना व्हिडिओतही दिसली होती. ज्या व्हिडिओत आधी तीच चुकीची समजूत मांडून मग खोडली होती, तो बघणाऱ्यांना गोंधळल्यासारखं झालं, डोक्याला ताण पडला, पण शिकले तेच जास्त. म्हणून ‘कळलं का?’ या प्रश्नावर वर्गभर उमटणाऱ्या ‘हो’वर विसंबू नकोस.

व्हिडिओच्या लांबीबद्दल तू विचारलं आहेस. एडएक्स या ऑनलाइन कोर्सच्या संकेतस्थळावरच्या चार कोर्समध्ये व्हिडिओ बघण्याच्या ६९ लाख नोंदी तपासून २०१४ मध्ये अभ्यासकांनी दाखवलं होतं की व्हिडिओ कितीही लांब असो, बघणारे साधारण सहा मिनिटांच्या पुढे फारसे टिकत नाहीत. ते तर मोठे विद्यार्थी. तुझ्या वर्गासाठी चार-पाच मिनिटं पुष्कळ झाली. लांब व्हिडिओ असेल तर तुकडे कर, आणि मध्ये थांबून वहीत काहीतरी करायला लाव. स्वतःचे व्हिडिओ करण्यात आत्ता रात्री घालवू नकोस. चांगला मिळाला तर दुसऱ्याचा वापर. वाचलेला वेळ प्रश्नावर घाल, कारण तो तुझ्या मुलांना ओळखणाऱ्यालाच सुचेल.

कोणी किती केलं हे दाखवणाऱ्या कोर्सच्या डॅशबोर्डचं जरा सांभाळून. हिरव्या खुणांची रांग बघून बरं वाटतं, मलाही वाटायचं. पण ‘१०० टक्के पूर्ण’ म्हणजे व्हिडिओ शेवटपर्यंत चालला, एवढंच. मूल समोर होतं की पाणी प्यायला गेलं होतं, ते त्यात दिसत नाही. तू चुकीच्या उत्तरांचा रकाना उघड. अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या ४३ शाळांमध्ये सातवीच्या गणितावर झालेला एक अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. असिस्टमेंट्स नावाच्या साधनावर मुलं नेहमीचाच गृहपाठ सोडवत, बरोबर की चूक ते त्यांना लगेच कळे, आणि कोणतं उदाहरण किती जणांचं चुकलं याचा अहवाल शिक्षकांकडे जाई. शिक्षक मग सगळा गृहपाठ तपासत न बसता नेमकी ती उदाहरणं वर्गात घेत. वर्षअखेरच्या परीक्षेत ही मुलं इतरांपेक्षा पुढे होती. बघ, इथेही सगळं त्या सकाळवर येऊन थांबतं.

या प्रश्नांना गुण देऊ नकोस. गुण दिलेस की उत्तरं एका घरातून दुसऱ्या घरात जातील, आणि तुला हवी असलेली चूक तुझ्यापर्यंत पोचणारच नाही.

मुख्याध्यापक तुला म्हणाले की मिश्र पद्धत चांगली असल्याचं संशोधनात सिद्ध झालंय. ते चुकीचं बोलत नाहीत, पण अर्धंच सांगताहेत. अमेरिकेच्या शिक्षण विभागाने २०१० मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले, त्यात ऑनलाइन आणि प्रत्यक्ष शिकवणं एकत्र केलेले गट नुसत्या वर्गातल्या गटांपेक्षा सरस ठरले. पण त्याच अहवालात हेही स्पष्ट लिहिलंय की त्या गटांना बहुतेकदा जास्त वेळ आणि जास्त साहित्य मिळालं होतं. शिवाय त्यातले शालेय मुलांवरचे अभ्यास बोटांवर मोजण्याइतके होते. हे त्यांना आदराने दाखव आणि त्यातूनच तुझी मागणी पुढे कर. उत्तरं चाळायला रोज पहिल्या तासाआधी वीस मिनिटं मोकळी हवीत, त्या वेळात दुसरं काम नको. ती मिळाली नाहीत तर कोर्स कितीही चांगला असला तरी काही उपयोग नाही, हे त्यांना तुझ्याकडूनच कळायला हवं.

आणि मुलांना कोर्सच्या हवाली करून मोकळं व्हावं, असा मोह शाळेला पुढे कधीतरी होईल. तेव्हा मोठ्यांचं काय झालं ते सांग. हार्वर्ड आणि एमआयटीच्या एडएक्सवरच्या खुल्या कोर्समध्ये २०१७-१८ साली नाव नोंदवलेल्यांपैकी सुमारे ३ टक्के लोकांनीच कोर्स पूर्ण केला. ते स्वतःहून आले होते. अकरा वर्षांचं मूल सोबतीशिवाय तिथे किती दिवस टिकेल?

सगळे घटक एकदम हाती घेऊ नकोस. एक घटक, एक तुकडी, तीन आठवडे. तक्ता तोवर तसाच ठेव.

तू दशांशापासून सुरू करणार आहेस, तर पहिल्या दिवशीचा प्रश्न मला आधी पाठव. त्यासोबत तुझा अंदाजही लिही, किती मुलं चुकतील आणि चुकताना काय कारण देतील. मग त्या सकाळी खरंच काय आलं तेही कळव. मी वाट बघतेय.

तुझी,
बाई