दात घासताना येणाऱ्या फिटवर शस्त्रक्रिया करावी का?

दात घासताना बहिणीच्या तोंडाचा उजवा कोपरा ओढला जाऊन फिट येते, दोन औषधांनी फरक पडला नाही आणि आता शस्त्रक्रिया सुचवली आहे, असे आपण लिहिले आहे. मी मेंदूविकारांवर उपचार करतो. तिचे अहवाल पाहिल्याशिवाय होय किंवा नाही म्हणणे योग्य नाही, पण हा निर्णय कशावर ठरतो ते सांगतो.

ठरावीक कृतीने वा संवेदनेने फिट येण्याला रिफ्लेक्स एपिलेप्सी म्हणतात. लखलखत्या प्रकाशाने किंवा मनातल्या हिशेबाने येणाऱ्या फिटमध्ये बहुधा मेंदूच्या दोन्ही बाजू गुंतलेल्या असतात, त्यामुळे तेथे काढून टाकण्याजोगा एकच भाग सापडत नाही. दात घासताना येणारी फिट मात्र अनेकदा एका जागेतून निघते. उजव्या बाजूच्या हिरड्या व ओठांची संवेदना मुख्यतः डाव्या मेंदूच्या ज्या पट्ट्यात पोहोचते, त्याला खेटूनच चेहऱ्याच्या हालचालींचा भाग आहे आणि बहुतेकांचे बोलण्याचे केंद्रही तेथून जवळच असते. दोषी भाग काढताना या शेजारच्या भागांना इजा होऊ शकते, खरी अडचण येथे आहे.

म्हणून व्हिडिओ ईईजीच्या वेळी (मेंदूच्या विद्युतलहरींचा आलेख आणि चित्रीकरण एकत्र घेणारी तपासणी) तिने नेहमीच्या ब्रशने प्रत्यक्ष दात घासून फिट नोंदली जाणे आवश्यक आहे. जबड्याच्या स्नायूंच्या विद्युतलहरींमुळे तो आलेख बराच गढूळ होतो, त्यामुळे एका नोंदीवर विसंबू नये. साध्या एमआरआयमध्ये मेंदूच्या बाहेरच्या थरातील (कॉर्टेक्समधील) जन्मजात रचनादोष सुटू शकतो. तीन टेस्लाच्या (अधिक शक्तिशाली चुंबकाच्या) यंत्रावर, अपस्मारासाठी म्हणजे एपिलेप्सीसाठी ठरवलेल्या पद्धतीने, पातळ छेद घेऊन एमआरआय पुन्हा करून घ्यावा. दोष स्पष्ट दिसला आणि फिटची सुरुवातही तेथूनच होत असली, तर यशाची शक्यता बरीच वाढते. तसे नसेल, तर कवटीला बारीक छिद्रे पाडून आत इलेक्ट्रोड (विद्युतलहरी टिपणाऱ्या बारीक तारा) बसवतात. त्यांतून सौम्य विद्युतप्रवाह देऊन कोणती जागा काय काम करते हेही तपासता येते, आणि काही वेळा त्याच इलेक्ट्रोडमधून उष्णता देऊन छोटा दोषी भाग निकामी करतात.

चेहऱ्याला मेंदूच्या दोन्ही बाजूंकडून आज्ञा मिळत असल्याने चेहऱ्याच्या हालचालींचा भाग काढल्यावर आलेला तोंडाचा वाकडेपणा बऱ्याचदा हळूहळू कमी होतो. हाताच्या किंवा बोलण्याच्या भागाबाबत तशी सवलत गृहीत धरू नये. शस्त्रक्रियेनंतरही औषधे लगेच बंद होत नाहीत. ब्रश हाती नसतानाही तिला फिट येतात का, हे शल्यचिकित्सकांना आवर्जून सांगा, कारण तशा येत असल्यास केवळ दात घासण्याची पद्धत बदलून भागणार नाही.