वाचक विचारतात : छंदापुरत्या ब्लॉगला यशाचे नियम लागू होतात का?

प्रश्न : मी ठाणे जिल्ह्यातील मुरबाड तालुक्यात राहते आणि निवृत्तीनंतर रानभाज्यांविषयी मराठीत ब्लॉग लिहिते. पावसाळ्यात भरपूर लिहून होते, एरवी क्वचितच. माझ्या भाच्याने ब्लॉग यशस्वी करण्याचे सल्ले देणारे काही व्हिडिओ मला पाठवले. आठवड्याला किमान दोन लेख, प्रत्येक लेख दीड हजार शब्दांचा, शीर्षकात आकडा, मजकुरात ठरावीक वेळा ‘कीवर्ड’ (लोक शोधताना टाकतात तो शब्द), स्वतःचे डोमेन (ब्लॉगचा विकतचा पत्ता), वाचकांच्या ई-मेलची यादी असे बरेच काही त्यांत सांगितले आहे. मला यातून पैसे मिळवायचे नाहीत. तरीही यातले काहीच न करता लिहीत राहणे म्हणजे हौसेच्या नावाखाली आळस तर नव्हे, अशी शंका येते.
— एक वाचक, मुरबाड

उत्तर : आळस मुळीच नाही. भाच्याने पाठवलेले सल्ले चुकीचे आहेत असेही नाही. पण ते दुकान चालवणाऱ्याला दिलेले सल्ले आहेत आणि तुम्ही दुकान थाटलेले नाही.

हे सल्ले आले कोठून, ते पाहिले म्हणजे त्यांपैकी कोणते घ्यावेत हे ठरवणे सोपे जाते. ‘ब्लॉगर’ ही सेवा १९९९ मध्ये सुरू झाली, तेव्हा ब्लॉग म्हणजे चारचौघांना वाचता येईल अशी उघडी रोजनिशी होती. २००३ मध्ये गूगलने ती सेवा विकत घेतली, त्याच वर्षी वर्डप्रेस हे ब्लॉग चालवण्याचे दुसरे साधन आले आणि गूगलने ‘अ‍ॅडसेन्स’ ही जाहिरातींची योजनाही त्याच वर्षी आणली. आपल्या पानावर जाहिरात लावून चार पैसे मिळवणे त्यामुळे सामान्य लेखकाला शक्य झाले, आणि मग ते कसे मिळवावेत हे शिकवणाऱ्यांचाही एक धंदा उभा राहिला. जाहिरातीचे उत्पन्न पाने किती वेळा उघडली जातात यावर ठरत असल्यामुळे अधिक लेख, लांब लेख, शोधात वर येणारे लेख आणि पुन्हा पुन्हा परतणारा वाचक ही त्या शिकवणीची चौकट झाली. तुमच्या यादीतील जवळजवळ प्रत्येक नियम या चौकटीत नेमका बसतो.

आठवड्याला दोन लेखांचा नियम घ्या. ब्लॉगवर सर्वांत नवा लेख सर्वांत वर दिसतो. त्यामुळे येऊन पाहणाऱ्याला तोच जुना लेख दिसला तर तो हळूहळू येईनासा होतो, ही या नियमामागची मूळ भीती. नवा लेख आल्याची वर्दी देणारी फीडवाचके सर्रास वापरात होती तोवर ती भीतीही फारशी खरी नव्हती, आणि त्यांतील सर्वाधिक वापरातले ‘गूगल रीडर’ १ जुलै २०१३ रोजी बंद झाले. आज तुमचा वाचक बहुधा शोधातून येतो किंवा कोणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेल्या दुव्यावरून येतो. त्याला लेख मागच्या आठवड्यातला आहे की तीन पावसाळ्यांपूर्वीचा, याचे सोयरसुतक नसते. शिवाय तुमचा विषयच ऋतूला बांधलेला आहे. जानेवारीत आठवड्याला दोन लेख लिहायचे ठरवले, तर तुम्हाला न पाहिलेल्या भाज्यांविषयी इकडून तिकडून वाचून लिहावे लागेल, आणि तुमच्या ब्लॉगचे जे काही मोल आहे ते तेथेच संपेल.

शब्दसंख्येचा नियम तर सरळ बाजूला ठेवावा. गूगलच्या स्वतःच्या मार्गदर्शनातच, शोधयंत्राला विशिष्ट शब्दसंख्या आवडते असे ऐकून तुम्ही लिहीत आहात का, असा प्रश्न विचारून आपली अशी कोणतीही पसंती नसल्याचे स्पष्ट म्हटले आहे. पानाच्या छुप्या माहितीत कीवर्ड भरून ठेवण्याचा सल्लाही अजून फिरताना दिसतो. शोधातील क्रम लावताना आपण तो भाग विचारात घेत नाही, असे गूगलने २००९ मध्येच जाहीर केले होते. सल्ले देणाऱ्यांनी एकमेकांचे व्हिडिओ पाहून व्हिडिओ केले की असे होते.

मजकुरातील कीवर्डचे मात्र थोडे वेगळे आहे, आणि येथे भाच्याची बाजू अर्धी खरी आहे. शेवळांचेच उदाहरण घेऊ. जूनच्या सुरुवातीला, पहिले चार पाऊस पडले की, तुमच्या भागातील बाजारात कातकरी आणि ठाकर बाया शेवळांच्या जुड्या घेऊन बसतात आणि शेजारीच काकड या आंबट रानफळांचा लहानसा वाटा मांडलेला असतो. ज्याने हे कधी केलेले नाही, त्याला काकडे कशासाठी हे कळत नाही. शेवळांना खाज असते, ती काकडांच्या आंबटपणाने मारावी लागते. बाहेरची आवरणे सोलून आतला पिवळा भाग काढून टाकावा लागतो, आणि यात हयगय झाली तर जेवणाऱ्याचा घसा दिवसभर खवखवतो. हे लिहिताना ‘पावसाळ्यात खाव्यात अशा १० आरोग्यदायी रानभाज्या’ असे शीर्षक दिले, तर शेवळांच्या वाट्याला चार ओळी येतील आणि त्यांत नेमकी खाजेची गोष्ट गळून पडेल. अशा याद्या शेकड्यांनी आहेत, आणि आता तर शोधयंत्रे त्यांचा सारांश स्वतःच वरच्या बाजूला दाखवू लागली आहेत. त्याऐवजी ‘शेवळे : साफ कशी करावीत आणि काकडे किती घालावीत’ हे शीर्षक साधे असले, तरी हातात जुडी घेऊन स्वयंपाकघरात उभ्या असलेल्या माणसाला तेच हवे असते.

आता अर्धे खरे कोणते, ते सांगतो. तुमच्याकडचा टाकळा विदर्भात तरोटा म्हणून ओळखला जातो. फोडशीला कोणी कुलूची भाजी म्हणते. शेवळांचेच शेवळे, शेवळं, शेवळ असे लेखनप्रकार आढळतात. वाचक आपल्या घरात चालणारा शब्द टाकून शोधतो. म्हणून पहिल्याच परिच्छेदात एक वाक्य खर्चून सारी माहीत असलेली नावे द्यावीत आणि त्यांसोबत शास्त्रीय नावही द्यावे, उदाहरणार्थ टाकळा म्हणजे सेना टोरा. कीवर्डच्या सल्ल्याचा जो भाग वाचकाच्या कामाचा आहे तो इतकाच, आणि तो एकदा केला की पुरतो. तोच शब्द दर तिसऱ्या ओळीत पेरला तर भाषा मात्र बिघडते. रानभाजीच्या बाबतीत नावांची ही काळजी ओळख पटण्यासाठीही घ्यावी लागते, कारण चुकीची वनस्पती खाल्ली जाण्याचा धोका येथे खरा आहे. झटपट, छोटे आणि ठाम लिहा हा आणखी एक लोकप्रिय सल्ला तुमच्या विषयात म्हणूनच घातक ठरेल. कोणती भाजी तुम्ही स्वतः खुडली आहे आणि कोणती फक्त ऐकून माहीत आहे, हे प्रत्येक लेखात वेगळे सांगावे.

छायाचित्रांचेही तसेच. आकर्षक चित्र हवेच, हा सल्ला ऐकून अनेक हौशी लेखक नेटवरून कोणाचेही छायाचित्र उचलतात. ते नेटवर दिसते म्हणून फुकट होत नाही; भारतात छायाचित्रावरील स्वामित्वहक्क १९५७ च्या कायद्यानुसार चालतो आणि ब्लॉग हौसेचा आहे हे काही चित्र उचलण्याचा परवाना नव्हे. तुमच्या साध्या फोनने काढलेले पान, फूल आणि बाजारातील जुडी यांचे थोडे अस्पष्ट चित्रही ओळख पटवायला अधिक उपयोगी पडते.

ई-मेलची यादी सोडून द्या. ज्यांना हवे ते तुम्हाला विचारतील.

स्वतःच्या डोमेनविषयी माझे मत प्रचलित सल्ल्याच्या उलट आहे. डोमेन दरवर्षी पैसे भरून चालू ठेवावे लागते, आणि एखाद्या वर्षी ते भरायचे राहिले, मग ते आजारपणामुळे असो वा त्याहून मोठ्या कारणाने, तर तो पत्ता बंद पडतो आणि पुढे दुसऱ्याच्या हाती जाऊ शकतो. फुकट मिळालेला पत्ता दिसायला लांबलचक असला, तरी बिल थकले म्हणून तो बंद पडत नाही. सेवाच बंद पडण्याचा धोका उरतो. याहूने ऑक्टोबर २००९ मध्ये जिओसिटीज बंद केली, तेव्हा असंख्य लोकांची हौसेने उभारलेली पाने तिच्याबरोबर गेली. यावर उपाय एकच, तो म्हणजे प्रत. ब्लॉगरमध्ये सेटिंग्जमधून सर्व लेखांची एकत्र फाइल उतरवून घेता येते. ती पावसाळा संपला की दरवर्षी घ्यावी आणि एक प्रत भाच्याकडे द्यावी. व्हिडिओ पाठवण्यापेक्षा हे काम तो अधिक चांगले करील. दोन वर्षे न वापरलेले वैयक्तिक खाते काढून टाकण्याचा अधिकार गूगलने आपल्या नियमांत राखून ठेवला आहे, तेव्हा अधूनमधून खात्यात जाऊन येणे आणि खाते निष्क्रिय झाल्यास कोणाला कळवावे ते तेथील सोयीत नोंदवून ठेवणे आवश्यक आहे. यशाचे मंत्र सांगणारे याकडे फारसे वळत नाहीत, कारण त्यांचे लक्ष पुढच्या महिन्याच्या आकड्यांवर असते. हौशी लेखकाचा ऐवज मात्र वर्षानुवर्षे साचत जाणारा असतो.

तुमच्याजवळ जुन्या श्रीलिपी किंवा शिवाजी टंकांत टाइप केलेले काही लिखाण असल्यास ते जसेच्या तसे ब्लॉगवर चिकटवू नका. वाचकाला निरर्थक अक्षरे दिसतील आणि शोधात तो मजकूर कधीच सापडणार नाही. आधी तो युनिकोडमध्ये बदलून घ्यावा आणि मग रफार व जोडाक्षरे नजरेखालून घालावीत, कारण बदलताना तीच बिघडतात.

प्रश्न : जुन्या नाण्यांवरील माझ्या ब्लॉगला दिवसाला जेमतेम दहा-पंधरा भेटी मिळतात. ते आकडे पाहून लिहिण्याचा उत्साहच मावळतो. निदान जाहिराती लावून खर्च तरी वसूल करावा का?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : जाहिराती लावू नयेत. अ‍ॅडसेन्सच्या खात्यात १०० डॉलर साठेपर्यंत पैसे हाती येत नाहीत, आणि दहा-पंधरा भेटींवर तो आकडा गाठण्यास वर्षे लागतील. तोवर नाण्याच्या दोन चित्रांमध्ये कर्जाची आणि केशतेलाची जाहिरात वाचकाने सोसायची. आणि मोफत सेवेवर लिहीत असाल, तर वसूल करावा असा खर्च तरी कोणता झाला आहे?

भेटींच्या आकड्यांवरही फार विसंबू नये. स्वतःच्या भेटी वगळण्याची खूण केली नसेल तर त्या त्यांत मोजल्या जातात, शिवाय शोधयंत्रांच्या फेऱ्याही मिसळलेल्या असतात. रोजचा आकडा पाहणे बंद करून महिन्यातून एकदा ‘गूगल सर्च कन्सोल’ हे मोफत साधन उघडावे. लोक कोणते शब्द टाकून तुमच्यापर्यंत आले, ते तेथे दिसते. ‘शिवराई खरी कशी ओळखावी’ असे कोणी शोधत आले असेल, तर पुढचा लेख त्यावरच लिहावा : एका बाजूस ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’ ही अक्षरे तुमच्या संग्रहातील नाण्यांवर कोठे पूर्ण उमटली आहेत आणि कोठे कडेला कापली गेली आहेत ते दोन्ही बाजूंच्या चित्रांसह दाखवावे, आणि प्रत्येक नाण्याचे वजन व व्यास खाली द्यावा.