वाचकांचे प्रश्न : आईचे पालकत्व आणि भावांचा दावा

प्रश्न : माझी आई 79 वर्षांची असून निपाणीत थोरल्या भावाकडे राहते. तिला डिमेन्शिया आहे. सकाळी ती मला ओळखते आणि दिवेलागणीला ‘तू कुणाची गं?’ असे विचारते. ती बरी असताना थोरल्या भावाने तिच्याकडून मुखत्यारपत्र करून घेतले आणि त्याच्या आधारे तो आता तिच्या नावचे शेत विकू पाहतो आहे. कोल्हापुरातील धाकट्या भावाने आपल्याला आईचा पालक नेमावे, असा अर्ज केला असून त्याची कन्नड नोटीस मला आली आहे. पालक होण्याचा हक्क नेमका कोणाचा?
– एक वाचक भगिनी, निपाणी

उत्तर : ताई, आधी नोटिशीचे बोलू. कन्नड समजत नाही म्हणून नोटीस कपाटात पडून राहते, तारीख उलटते आणि प्रकरण एकतर्फी चालते, हे आपल्या सीमाभागात मी वकिली करताना अनेकदा पाहिले आहे आणि दर वेळी ते मनाला लागले आहे. ती नोटीस आजच वकिलाकडून वाचून घ्या आणि तिचे मराठी भाषांतर जवळ ठेवा. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार कोणत्याही स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असले तरी, मोफत वकील मागता येतो. त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करावा.

आता मुखत्यारपत्र. 1872 च्या करार कायद्याच्या कलम 201 प्रमाणे, मुखत्यारी देणारी व्यक्ती आपले भलेबुरे समजण्याच्या स्थितीत राहिली नाही की साधी मुखत्यारी संपते. तरीही सब-रजिस्ट्रार कचेरीत तो कागद चालून जातो, कारण तेथे आईची आजची अवस्था कोणालाच माहीत नसते. तुम्ही लेखी हरकत जरूर द्या, पण तेवढ्याने खरेदीखत थांबेलच असे नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 32, नियम 15 चा आधार घेऊन आईच्या वतीने वादमित्र म्हणून, म्हणजे स्वतः दावा चालवू न शकणाऱ्या व्यक्तीसाठी तो चालवणारी व्यक्ती म्हणून, दावा लावा आणि विक्रीला मनाई हुकूम मागा. आईच्या आजाराचे निदान कोणत्या तारखेला झाले, हे दाखवणारे दवाखान्याचे कागद या दाव्यात सर्वांत मोलाचे ठरतील.

पालकत्वाबाबत मात्र कायदा विखुरलेला आहे. 1890 चा पालक व पाल्य कायदा फक्त अज्ञान, म्हणजे वयाने सज्ञान न झालेल्या, मुलांसाठी आहे. 1987 च्या मानसिक आरोग्य कायद्यात प्रौढ रुग्णासाठी पालक आणि मालमत्तेसाठी व्यवस्थापक नेमण्याची तरतूद होती. 2017 च्या नव्या कायद्याने ती काढली आणि उपचारांपुरता नामनिर्देशित प्रतिनिधी तेवढा ठेवला. राहिले दोन मार्ग. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम 14 खाली जिल्हा न्यायालय मर्यादित पालक नेमू शकते. त्या कायद्यातील मानसिक आजाराच्या व्याख्येत स्मरणशक्तीच्या गंभीर बिघाडाचाही समावेश आहे. दुसरा मार्ग संविधानाच्या अनुच्छेद 226 खाली उच्च न्यायालयाचा असून, आई निपाणीत राहत असल्याने तो कर्नाटक उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठाकडे जातो. कोमातील रुग्णांसाठी केरळ उच्च न्यायालयाने 2019 मध्ये वैद्यकीय मंडळाकडून तपासणी, तहसीलदार दर्जाच्या अधिकाऱ्याची भेट, सर्व वारसांची माहिती आणि पालकाने दर सहा महिन्यांनी द्यायचा अहवाल, अशी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली, आणि अशा प्रकरणांत त्यांचा आधार घेतला जातो.

‘हक्क कोणाचा’ या तुमच्या प्रश्नाचे उत्तर यातच आहे. थोरला मुलगा म्हणून किंवा वारस म्हणून पालकत्व कोणाकडेही आपोआप जात नाही. कलम 14 मधला पालक विशिष्ट निर्णयासाठी आणि ठरावीक मुदतीपुरताच असतो आणि त्याने आईशी विचारविनिमय करून, तिच्या इच्छेप्रमाणे चालायचे असते. माझे स्पष्ट मत असे आहे की, तुमच्या घरातील वाद वाटणीचा आहे आणि तो आईच्या आजारावर लादला जात आहे. म्हणून नोटिशीला उत्तर देताना कोणत्याही एका भावाची बाजू घेऊ नका. आईची स्वतंत्र वैद्यकीय तपासणी व्हावी, तिच्या मालमत्तेची यादी कोर्टात यावी, कोर्टाच्या परवानगीशिवाय काहीही विकू नये, हिशेब दर सहा महिन्यांनी सादर व्हावा आणि तुम्हाला आईला भेटता यावे, एवढे मागा. एका भावाबरोबर तुमचीही संयुक्त पालक म्हणून नेमणूक मागता येईल. आणि न्यायाधीशांनी आईशी सकाळच्या वेळी बोलावे, अशी विनंती आवर्जून करा, कारण त्या वेळी ती अधिक भानावर असते हे तुम्हीच लिहिले आहे.

प्रश्न : माझे वय 76 आहे. मला ऐकू कमी येते. स्वकष्टाची दोन एकर जमीन मुलीला देतो म्हटल्यापासून मुलगा मला म्हातारचळ लागल्याचे सांगत फिरतो आणि कोर्टातून पालक नेमून घेण्याची धमकी देतो. तसे होऊ शकते का?
– एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर : नुसत्या वयावरून, बहिरेपणावरून किंवा मुलाला न पटलेल्या निर्णयावरून ते होऊ शकत नाही. मानसिक आजाराचे निदान झाले, तरी तेवढ्यावरून माणूस अक्षम ठरत नाही, असे 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचे कलम 3 सांगते. ते कोर्टालाच ठरवावे लागते. जमीन स्वकष्टाची असल्यामुळे ती कोणाला द्यायची हा निर्णय तुमचा आहे. बक्षीसपत्र नोंदवाल त्या दिवशीचाच डॉक्टरांचा दाखला घ्या आणि मुलगी आपला सांभाळ करील, ही अट बक्षीसपत्रात लिहा, म्हणजे पुढे वेळ आलीच तर बक्षीसपत्र रद्द करून घेण्यासाठी 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचे कलम 23 तुमच्या उपयोगी पडेल. मुलाने अर्ज केलाच, तर तारखेला स्वतः हजर राहा. कानाचे यंत्र लावून जा आणि प्रश्न मराठीतून, सावकाश विचारावेत अशी विनंती वकिलामार्फत आधीच करा, कारण न ऐकू आलेल्या किंवा न समजलेल्या कन्नड प्रश्नाला दिलेले चुकीचे उत्तर तुमच्या मनाचा गोंधळ म्हणून नोंदले जाऊ शकते.