घाटात चाक बसलं तर?

प्रश्न : शहाद्याहून बाइकवर तोरणमाळला जायचंय. ट्यूबलेस टायर घाटात पंक्चर झालं तर? – एक वाचक, धुळे

उत्तर : भाऊ, आधी काटा उपटू नका! राणीपूरच्या पुढे मी तीच घाई केली. बाभळीचा काटा ओढला न् चाक फुस्सकन बसलं, पंक्चरचं किट अजून डिकीतच. किटमधली चिकट रबरी पट्टी सोल्यूशन लावून सुईत ओवून ठेवा, मग काटा काढा. भोक रीमरने (किटमधल्या खरखरीत टोच्याने) घासा, पट्टी खुपसा, सुई झटक्यात ओढा. हवा भरून वर थुंकी लावा. बुडबुडा आला तर दुसरी पट्टी. हातपंप बाइकच्या व्हॉल्व्हला बसतो का, ते घरीच बघा. माझा सायकलचा निघाला होता! ट्यूबचं टायर असेल तर बसल्या चाकावर गाडी रेटू नका, व्हॉल्व्हपाशी ट्यूब फाटते.