कातळावर अचानक येणारी लाट – माझा अनुभव (लांबलंय, सांभाळून घ्या)

तुमची पोस्ट काल रात्री वाचली आणि खरं सांगतो, झोप उडाली. देवगडजवळच्या कुणकेश्वरच्या अलीकडे कातळावर सकाळी गरवत (गरीने मासे धरत) होतात, वारा नाही, पाणी तेलासारखं गुळगुळीत, आणि एकदम एक लाट वर येऊन रॉड आणि बादली घेऊन गेली, मित्राचा गुडघा फुटला. आणि तुम्ही विचारताय की शांत समुद्रात अशी लाट येते कुठून, आणि सेफ स्पॉट सांगा. दादा, ही माझीच गोष्ट आहे. तुमचं गुडघ्यावर निभावलं, आमचं नाही निभावलं.

लाइफजॅकेट घाला, एकट्याने जाऊ नका, पावसाळ्यात खाली उतरू नका हे काही लिहीत बसत नाही, तेवढं सगळ्यांना माहीत असतं. आणि आधीच सांगतो, मी लाइफगार्ड नाही, हवामानातला तज्ज्ञ तर अजिबात नाही. वीसेक वर्षं गरी टाकणारा आणि एकदा मरता मरता राहिलेला माणूस आहे, तेवढ्याच वजनाने घ्या.

आमचा दिवस म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतरचा रविवार, सप्तमी की अष्टमी होती, म्हणजे भांगाचं पाणी, भरती-ओहोटीत फरक कमी. मी तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढणारा माणूस, त्याचा तेव्हा भारी माज होता. अष्टमीला सहाच्या आसपास भरती, मग पाणी उतरत जाणार, त्यात उधाण नाही, मोबाइलवर बघितलं तर वारा पण नावापुरता. म्हटलं आज मस्त खालच्या पायरीपर्यंत जाता येईल. मी आणि मावसभाऊ. आमच्या त्या जागेला तीन टप्पे आहेत, वर कोरडा सडा, मग एक रुंद पायरी, आणि खाली काळ्या शेवाळाची, कालवांनी भरलेली अरुंद पायरी. पाऊण तास मधल्या पायरीवर होतो, एक तांबोशी (मासा) दगडात शिरून तंगूस, म्हणजे गरीची दोरी, कापून गेली, बाकी काही नाही. समुद्र इतका गप्प की भाऊ म्हणाला, तळ्यावर आल्यासारखं वाटतंय.

मग पहिली लाट आली. लाट म्हणजे डोळ्यासमोर येते तशी पांढरी, फेसाची, आवाज करत येणारी नाही. गॅसवरचं दूध वर येतं ना, तसं सगळं पाणीच फुगून वर आलं, गुडघ्यापर्यंत, आणि खाली गेलं. आम्ही दोघं उभेच राहिलो, हसलो पण. फक्त माझा लुअरचा, म्हणजे खोट्या आमिषांचा, डबा गेला. पिवळ्या झाकणाचा डबा, आत साडेतीन हजारांचा माल, आणि तो समोरच्या घळीत चार-पाच फुटांवर तरंगत होता, प्रत्येक हेलकाव्याला जरा जवळ येत होता. माझी चूक ती इथे. भाऊ म्हणाला सोड रे, मी म्हटलं एक सेकंद, आणि हातातलं मासे काढायचं जाळं पुढे करून खालच्या पायरीवर उतरलो, ओणवा झालो, मान खाली, नजर डब्यावर.

दुसरी लाट पंधरा-सतरा सेकंदांत आली. पहिलीपेक्षा मोठी. मी बघितलीच नाही.

ही गोष्ट मला कुणी आधी सांगितली असती तर! मोठ्या लाटा एकट्या येत नाहीत हो, तीन-चार-पाचचा घोळका करून येतात, आणि मग पुन्हा दहा-पंधरा मिनिटं काही नाही. आपण कातळावर पोचतो, त्या मधल्या शांततेत पाच मिनिटं बघतो आणि म्हणतो समुद्र शांत आहे. म्हणजे पहिली लाट अंगावर आली की तो घोळका सुरू झालाय एवढंच समजायचं, आणि जे गेलं ते गेलं म्हणून वर पळायचं. बादली, चप्पल, रॉड, गरीला लागलेला मासा, काहीही. आपल्याकडे माणसं पहिल्या लाटेत कमी जातात, पहिल्या लाटेने नेलेली वस्तू आणायला जाऊन जास्त जातात असं माझं ठाम मत आहे. आकडा माझ्याकडे नाही, पण आमच्या पंचक्रोशीतले ऐकलेले सगळे किस्से असेच आहेत.

पाणी वर चढताना नुसतं ढकलतं, ओढतं ते परत जाताना. मी कालवांवरून घसरत गेलो, दोन्ही तळहात आणि कोपर ब्लेडने सोलल्यासारखे. पायात गमबूट होते (हसू नका, तेव्हा ते कातळावर पकडतात असं वाटायचं), त्यात पाणी भरलं. आणि माझं सगळं डोकं एकाच गोष्टीत, कातळ पकडायचा. पकडला की लाट आपटायची, सोलून खाली न्यायची, परत पकडायचो. पलीकडे एक काकी कालवं काढत होत्या, त्या वरून बोंबलायला लागल्या, "भायर जा रे! कातळाक धरू नको! भायर!" मला वाटलं ही बाई वेडी आहे, मी मरतोय आणि ही मला समुद्रात जा म्हणतेय. पण तिसऱ्यांदा आपटल्यावर सोडला कातळ, बूट लाथाडून काढले आणि वीस-पंचवीस हात बाहेर गेलो, आणि काय सांगू, बाहेर काहीच नव्हतं. नुसतं वरखाली होणारं पाणी. उताणा पडून दम घेतला आणि बाजूच्या वाळूकडे हळूहळू पोहत गेलो. म्हणून ज्याला पोहता येत नाही त्याने पाण्याच्या काठावर उभंच राहू नये असं मी म्हणतो, कुणाला राग आला तर येऊ दे.

पण खरी किंमत मोजली ती भावाने. मी पडलो तसा तो हात द्यायला खाली धावला आणि तिसऱ्या लाटेने त्याला मधल्या पायरीवरच पाडलं. घोटा दोन ठिकाणी मोडला, प्लेट घातली, सात महिने गेले. पुढच्या महिन्यात त्याचं जहाजावर जॉइनिंग होतं. ते गेलं, ते परत आलं नाही. मला आजपर्यंत एक शब्द बोललेला नाही, आणि तेच जास्त लागतं. डब्याचं म्हणाल तर चार दिवसांनी तो वाळूवर लागला. काकींनी आणून दिला, वर म्हणाल्या, दर्या खयची वस्तू ठेवन घेणा नाय, भायर टाकता.

आता तुमचा प्रश्न, ही लाट येते कुठून. हे मला हॉस्पिटलच्या बाकड्यावर बसून वाचताना कळलं. वाऱ्याने इथल्या इथे उठणारी लाट वेगळी, आणि लांबून येणारा फुगवटा वेगळा. खाली दक्षिण हिंदी महासागरात मोठी वादळं होतात, तिथल्या लाटा ताशी ४५-५० किलोमीटरने ५-६ दिवस प्रवास करून आपल्याकडे येतात, तेव्हा इथे पान हलत नसतं. त्यातून एप्रिल-मे, आपल्या सुट्ट्यांचाच सीझन. केरळवाले याला कळ्ळकडल म्हणतात, चोरासारखा येणारा समुद्र. २०२४ च्या मे महिन्यात कन्याकुमारी जिल्ह्यात मेडिकलचे ५ विद्यार्थी लाटेत गेले, तेव्हाही असा इशारा दिलेला होता. आपलं पंचांग भरती-ओहोटी सांगतं, ते चंद्राचं गणित. या लाटांना चंद्राशी देणंघेणं नाही. भांग असो उधाण असो, त्या येणारच, उलट भांगाला आपण गाफील असतो.

मी त्या दिवशी फक्त वारा बघितला होता. बघायला हवा होता लाटांचा पिरियड, म्हणजे एका लाटेपासून दुसरी किती सेकंदांनी. लांबून येणाऱ्या फुगवट्याचा पिरियड मोठा असतो. हैदराबादच्या इन्कॉइसच्या (समुद्राचा अंदाज देणारी सरकारी संस्था) वेबसाइटवर आणि त्यांच्या समुद्र अ‍ॅपवर किनाऱ्याप्रमाणे लाटांची उंची, पिरियड, आणि फुगवट्याचे इशारे येतात. फुकट आहे. उंची सव्वा मीटर दिसली म्हणून खूश होऊ नका, तो आकडा म्हणजे मोठ्या एक-तृतीयांश लाटांची सरासरी असते, एखादी लाट त्याच्या जवळजवळ दुप्पट येऊ शकते. आणि पिरियड १४-१५ सेकंदांच्या वर असेल तर मी कातळावर जातच नाही, वाळूतून गरवतो नाहीतर घरी बसून तंगूस गुंडाळतो. हा १४ चा आकडा माझा आहे, शास्त्राचा नाही, तुमच्या जागेप्रमाणे तुम्ही ठरवा.

सेफ स्पॉट मी सांगणार नाही. कारण तीच जागा सोमवारी सेफ असते आणि मंगळवारी नसते. जागा बघायची कशी ते सांगतो. पोचल्यावर वर बसून अर्धा तास चहा प्या, गरी बांधा, पण पाण्याकडे तोंड करून. कुठपर्यंत कातळ ओला आहे ते बघा. ऊन असताना तुम्ही उभे आहात त्याच्या वर कुठे खळग्यात ताजं खारं पाणी साचलेलं दिसलं तर ते आभाळातून पडलेलं नाही. जिथे शेवाळ आणि कालवं, ती जागा समुद्राची, तिथे आपण उभं राहायचं नाही, ओहोटी असली तरी नाही. आणि मासा लागायच्या आधी ठरवा की तो वर घेणार कुठून. लांब दांड्याचं जाळं लागतं त्याला, नसेल तर तंगूस कापा.

मी आता सोबत पाच लिटरचा रिकामा कॅन नेतो, झाकण घट्ट, कडीला वीस मीटर दोर. तेलाचा कॅन असेल तर आधी साबणाने धुवा, नाहीतर निसटतो. कुणी पडलं तर उडी मारायची नाही, हात द्यायला खाली जायचं नाही (माझ्या भावाचा घोटा आठवा), कॅन फेकायचा, बाहेर जा म्हणून ओरडायचं आणि फोन लावायचा, सागरी पोलिसांचा १०९३, कोस्ट गार्डचा १५५४, नाहीतर ११२. रेंज कुठे येते ते आधीच बघून ठेवा, आमच्या जागी फक्त वरच्या आंब्याखाली येते.

आता थोडं मनातलं. बरा झाल्यावर मी आणि गावातल्या दोघांनी अर्ज केला, त्या कातळावर एक बोर्ड आणि खांबाला दोर लावलेली तरंगती रिंग द्या म्हणून. ऑस्ट्रेलियात अशा रिंगा कातळावर लावलेल्या असतात, न्यू साऊथ वेल्समध्ये तर २०१६ साली कायदा करून ठरवलेल्या ठिकाणी कातळावरून गरवणाऱ्यांना लाइफजॅकेट सक्तीचं केलंय. आम्ही फक्त एक रिंग मागत होतो. एका ऑफिसात सांगितलं भरतीरेषेच्या खालचं आमच्याकडे येत नाही, दुसरीकडे सांगितलं वरचं आमच्याकडे येत नाही. म्हटलं साहेब, माणूस वरून पडतो आणि खाली मरतो, मधलं कुणाकडे येतं? नऊ फेऱ्या, प्रत्येक वेळी पोच घेतलेली, सगळे कागद अजून आहेत. शेवटी बोर्ड आला. "समुद्रात पोहण्यास सक्त मनाई". लावला कुठे, तर किलोमीटरभर लांब वाळूवर, पार्किंगजवळ. रिंग नाहीच. शेवटी आम्हीच ट्रकची जुनी ट्यूब आणि दोर बांधून ठेवली, ती कुणीतरी पोरांना खेळायला नेली. परत बांधली. सध्या आहे.

आणि ते रील बनवणारे, समुद्राकडे पाठ करून मासा दाखवत उभे राहतात, त्यांच्याबद्दल लिहायला लागलो तर अजून एवढंच होईल, सोडतो.

मित्राचा गुडघा कालवांवर फुटलाय का नुसता दगडावर? कालवांवर असेल तर घरी हळद लावून बसू नका, आत कवचाचा कण राहतो आणि पिकतं, माझा कोपर तीन आठवडे वाहत होता. धनुर्वाताचं इंजेक्शन झालं नसेल तर आजच घ्यायला सांगा. रॉड कुठला होता तेही लिहा, माझ्याकडे एक नऊ फुटी पडून आहे.