लाल एरर गेली तरी टोटल चुकेलच, आधी हे बघ

पॉवरशेलमध्ये सीएसव्ही वाचताना क्वांटिटीच्या कॉलममध्ये मधेच "एनए" आलं की इंटला कास्ट करताना (म्हणजे टेक्स्टचा पूर्णांक करताना) लाल एरर येते, एररॲक्शन (एरर आली तर काय करायचं ते सांगणारा पॅरामीटर) सायलेंट करून पण जात नाही, आणि टोटल पण चुकतंय असं म्हणतोयस ना. एरर नाहीच जाणार, तो पॅरामीटर कमांडलेटचा, म्हणजे पॉवरशेलच्या तयार कमांडचा, साध्या कास्टला तो लावताच येत नाही. पण खरी गडबड टोटलची आहे.

कास्ट फसलं की फक्त तेवढी ओळ मरते, लूप चालूच राहतं. मग व्हेरिएबलमध्ये नवीन काही जातच नाही, मागच्या रो ची व्हॅल्यू तशीच पडून असते. पहिल्या रो मध्ये ४०, दुसरीत एनए, की दुसरीचे पण ४० धरले जातात आणि बेरीज ८०! मी एकदा वैतागून स्क्रिप्टच्या वरतीच एररॲक्शन प्रेफरन्स (अख्ख्या स्क्रिप्टला लागणारी सेटिंग) सायलेंट करून टाकलेला, लाल गेलं सगळं, मी खूश, आणि दोन आठवडे चुकीचा रिपोर्ट जात होता.

ट्राय-कॅच लावलास तरी चालेल, कॅचमध्ये रो नंबर आणि मूळ टेक्स्ट वॉर्निंगमध्ये टाकायचं आणि कंटिन्यू. नुसता रिकामा कॅच ठेवू नकोस बाबा, मग परत तेच. डॅश ॲझ ऑपरेटर पण आहे, जमलं नाही तर गुपचूप नल (म्हणजे काहीच नाही) देतो, फक्त थेट इफमध्ये घालू नको कारण खरंखुरं शून्य आलं तरी इफ त्याला खोटंच समजतो, नलशी तुलना कर.

मी स्वतः ट्रायपार्स वापरतो, तो टेक्स्टचा आकडा करून बघतो आणि जमलं का ते ट्रू-फॉल्समध्ये सांगतो. कारण कास्ट काय आणि ॲझ काय, दोघं जरा जास्तच समजूतदार आहेत, रिकाम्या स्ट्रिंगचं शून्य करतात आणि "२.५" चे २ पण "३.५" चे ४, कारण बरोब्बर अर्धा आला की जवळच्या सम आकड्याकडे जातात. ट्रायपार्स या तिन्हींना सरळ नाही म्हणतो. व्हेरिएबल आधी बनवून रेफने पाठवायचं (आकडा त्यातच भरला जातो), आणि बघायचं ते ट्रू का फॉल्स, व्हेरिएबल नाही, कारण फसल्यावर त्यात शून्यच असतं.

वाईट रो मोजत जा आणि एक जरी निघाली तर शेवटी एक्झिट १ दे, म्हणजे शेड्युलरला पण कळेल. आणि तुझ्या फाईलमधले रिकामे सेल आत्ताच मोज, एनए निदान ओरडतं तरी, रिकामे मात्र गप शून्य होऊन बसलेले असणार.